त्या फॉर्मवर एक चौकोन कमी आहे

प्रति,
राष्ट्रीय सहाय्यक जननतंत्रज्ञान आणि सरोगसी मंडळ, महाराष्ट्राचं राज्य मंडळ, आणि कॅन्सरच्या पेशंटना केमो देणारे सगळे डॉक्टर यांस,

स.न.वि.वि.

मी इचलकरंजीत राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. अॅडमिशन, स्कॉलरशिप, परीक्षा, बोनाफाइड, सगळे फॉर्म माझ्या खिडकीवर येतात, गेली नऊ वर्षं हेच काम करतेय. त्यामुळे माणसं फॉर्म कसा भरतात ते मला चांगलं माहितीये. कुणी वाचत नाही. पोरं खिडकीतून फॉर्म आत सरकवतात आणि विचारतात, मॅडम इथं काय टिक करू? मग आपण बोट ठेवून दाखवतो तिथं टिक होते. स्कॉलरशिपच्या फॉर्मला हे चालून जातं, चुकलं तर दुरुस्तीसाठी परत येतो. पण केमोआधी वीर्य गोठवून ठेवताना भरायचा एक फॉर्म मी असा बघितलाय की ज्याच्यावरची टिक चुकली तर दुरुस्त करायला तो माणूसच उरलेला नसतो, त्याच्याबद्दल हे पत्र आहे.

माझ्या धाकट्या भावाला तेवीसाव्या वर्षी लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. मानेत गाठ होती, सुरुवातीला सगळे म्हणाले सर्दीची असेल, दोन महिने अँटिबायोटिक झाले, मग बायोप्सी, मग पेट स्कॅन, मग एकदम घाई. गावापासून पाच तासांवरच्या मोठ्या शहरात अॅडमिट केला. सोमवारी सकाळी पहिली केमो ठरली. रविवारी संध्याकाळी राउंडला आलेल्या एका तरुण डॉक्टरनं जाता जाता विचारलं, लग्न झालंय का? नाही म्हटल्यावर म्हणाला मग सीमेन फ्रीज करून ठेवा, केमोनंतर मूल व्हायला अडचण येऊ शकते, सकाळी नऊच्या आत करून या. एवढंच. आई शेजारी सफरचंद कापत बसली होती, तिला सीमेन म्हणजे काय ते कळलं नाही, आणि मला कळलं पण भावाकडं बघायचं धाडस झालं नाही.

त्या डॉक्टरवर माझा राग नाही, उलट त्यानं सांगितलं तरी. शेजारच्या बेडवर हाडाच्या कॅन्सरची सोळा वर्षांची एक मुलगी होती, तिच्या आईनं मला तिसऱ्या दिवशी विचारलं, तुमच्या पोराला सकाळी सकाळी कुठं नेलं होतं हो? मी सांगितलं. ती माऊली बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आमच्या पोरीचं काय करता येतं का असलं? पोरीला केमोची दुसरी सायकल चालू होती. नंतर मी वाचलं की मोठ्या मुलींची स्त्रीबीजं गोठवता येतात पण त्याला साधारण दोन आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि अगदी लहान मुलींसाठी अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याची पद्धत आहे, पण हे सगळं केमोच्या आधी व्हायला लागतं. त्या बाईला कुणीही काहीही बोललं नव्हतं. कदाचित पोरीची तब्येत बघता थांबायला वेळ नसेलही, ते डॉक्टरांनाच माहिती, पण मग तसं तरी सांगायचं. वेळ नाही हे ऐकणं वेगळं आणि असं काही असतं हेच माहिती नसणं वेगळं.

अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं 2006 मध्येच आपल्या डॉक्टरांना लेखी सांगितलंय की उपचार सुरू करायच्या आधी पेशंटशी मूल होण्याबद्दल बोला. गोठवलेल्या वीर्यापासून पहिली गर्भधारणा झाली ती 1953 मध्ये. म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही. आपल्याकडं मात्र सांगायचं की नाही हे त्या दिवशी राउंडला कोण आहे आणि त्याला किती घाई आहे याच्यावर ठरतं.

आता फॉर्मकडं येते.

सकाळी साडेसातला मी आणि भाऊ रिक्षानं वीर्य गोठवून ठेवणाऱ्या सेंटरला गेलो. बाबा खाली थांबले, वर यायचं त्यांना अवघड वाटत होतं. काउंटरवरच्या मुलीनं कागदांचा गठ्ठा दिला, सगळं इंग्लिश, बारीक टाइप. भाऊ आयटीआय झालेला, इंग्लिश वाचतो पण सावकाश. ती म्हणाली इथं इथं इथं सही करा, आणि या पानावर एक टिक करा. त्या पानावर लिहिलं होतं की तुमचा मृत्यू झाल्यास सॅम्पलचं काय करायचं. पुढं चौकोन. नष्ट करा, जोडीदाराला द्या, संशोधनासाठी द्या, असं काहीतरी. माझा भाऊ उभ्या उभ्या पेन हातात धरून त्या ओळीवर थांबला. त्याचा अंगठा पेनाच्या टोपणावर उघडझाप करत होता, टक टक, तो आवाज मला अजून आठवतो. मग त्यानं पहिल्या चौकोनावर टिक केली आणि पान उलटं करून ठेवलं. काउंटरवरची मुलगी दुसऱ्या कुणाशी तरी फोनवर बोलत होती. सगळं मिळून दोन मिनिटं पण नाही.

देवाच्या दयेनं तो बरा झाला. आता दोन वर्षं झाली, रिपोर्ट क्लीन आहेत, कामाला जातो. मध्यंतरी सॅम्पलच्या वार्षिक फीचा मेसेज आला तेव्हा आम्ही दोघंच घरी होतो, मी धीर करून विचारलं, तू त्या दिवशी नष्ट करा वर टिक का केलीस रे? तो म्हणाला, "ताई, मला काय बी कळंना झालंतं. मृत्यू झाल्यास असं लिवलेलं बघितलं आणि वाटलं दुसरं कशावर टिक केली तर म्हंजे मी मरणार हे मीच मान्य केल्यासारखं हुईल. पहिला चौकोन जवळ होता, मारली टिक." मग थोड्या वेळानं म्हणाला, "खरं सांगू का, मला आत्ता सांगायचं न्हाई असं म्हणायचं होतं. तसा चौकोनच नव्हता."

मी हे ऐकल्यापासून शांत झोपलेली नाही असं म्हटलं तरी चालेल. कारण समजा तो गेला असता. मग ती टिक म्हणजे त्याची अंतिम इच्छा झाली असती. कोर्टात, हॉस्पिटलात, घरात, सगळ्यांनी ती टिक दाखवून म्हटलं असतं की बघा त्याला हेच हवं होतं. आणि आईनं काय केलं असतं मला माहिती नाही. आई अशी आहे की पोराचा शर्टसुद्धा तिनं फेकू दिला नसता.

हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत, अशा केसेस झाल्यात. 2018 मध्ये पुण्यात एका आईनं आपल्या गेलेल्या मुलाच्या गोठवलेल्या वीर्यापासून सरोगसीनं, म्हणजे दुसऱ्या बाईच्या गर्भाशयात वाढवून, जुळी नातवंडं जन्माला आणली, मुलानं जर्मनीत केमोआधी सॅम्पल ठेवलं होतं. तेव्हा कायदा नव्हता, आज 2021 च्या सरोगसी कायद्यात आजीआजोबांना असं काही करायला जागा दिसत नाही. मग 2024 च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली हायकोर्टानं कॅन्सरनं गेलेल्या एका अविवाहित मुलाचं सॅम्पल त्याच्या आईबाबांना द्यायला सांगितलं, कोर्ट म्हणालं की मुलाची संमती दाखवता येत असेल तर मृत्यूनंतर मूल जन्माला घालायला आपल्या कायद्यात बंदी नाही, आणि केंद्र सरकारलाही म्हणालं की या विषयावर नियमांचा विचार करा. आणि 2025 च्या जूनमध्ये मुंबई हायकोर्टापुढं एक आई आली, तिच्या मुलानं फॉर्मवर मृत्यूनंतर नष्ट करा असंच निवडलं होतं, घरच्यांना न विचारता. कोर्टानं निकाल लागेपर्यंत सॅम्पल जपून ठेवायला सांगितलं. ती बातमी वाचताना माझे हात थरथरत होते. त्या मुलाच्या मनात काय होतं ते त्यालाच माहिती, त्यानं पूर्ण विचार करून टिक केली असेल तर ती त्याची इच्छा आहे आणि तिला हात लावायचा अधिकार आईला पण नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यानं विचार करून केली का माझ्या भावासारखी जवळचा चौकोन म्हणून केली हे कोर्ट कसं ठरवणार? त्या कागदावरून ते ठरूच शकत नाही. फॉर्म भरून घेणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं.

मी कायदा वाचला. पूर्ण वाचला, दोन रविवार लागले. सहाय्यक जननतंत्रज्ञान कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा, 2021 चा, 25 जानेवारी 2022 पासून लागू. त्याच्या कलम 22 मध्ये लिहिलंय की संबंधित माणूस गेला किंवा अक्षम झाला तर काय करायचं याची लेखी सूचना आणि संमती घेतल्याशिवाय बीज (म्हणजे वीर्य किंवा स्त्रीबीज) किंवा भ्रूण गोठवायचंच नाही. म्हणजे प्रश्न विचारायची सक्ती तुम्ही केलीय, चांगली गोष्ट केलीय. पण कसा विचारायचा, कोणत्या भाषेत, किती वेळ देऊन, कोणी समजावून सांगायचं, याबद्दल काही नाही. समुपदेशनाचं कलम आहे, पण ते जोडप्याला आणि स्त्रीला समजावून सांगा म्हणतं. तेवीस वर्षांचा बिनलग्नाचा पोरगा त्या दोन्हीत बसत नाही. कायदा लिहिताना तुमच्यासमोर लग्न झालेली, मूल न होणारी जोडपी होती हे समजतं, ते बरोबरही आहे, बहुतेक लोक तेच असतात. पण केमोआधी धावत येणारा पोरगा तुमच्या डोळ्यासमोर नव्हता. तो येतो ते उद्यासाठी काहीतरी वाचवायला, आणि तुम्ही त्याला पहिला प्रश्न मरणाचा विचारता.

आणि वयाचं बघा. उपचार स्त्रीला 21 ते 50 आणि पुरुषाला 21 ते 55 या वयात द्यायचे असं कायदा म्हणतो. मग सतरा वर्षांच्या पोराचं सॅम्पल ठेवायचं का नाही? नुसतं गोठवणं हा उपचार धरायचा का? मी दोन ठिकाणी फोन करून विचारलं, एका ठिकाणी हो म्हणाले, एका ठिकाणी एकवीसच्या खाली आम्ही घेत नाही म्हणाले. हाडाचे कॅन्सर तर याच वयात जास्त होतात. मंडळानं एक ओळीचं परिपत्रक काढलं तरी हा गोंधळ मिटतो, की कॅन्सरच्या किंवा तसल्या उपचारांआधी बीज जपून ठेवायला एकवीसची अट लागू नाही. फक्त एक ओळ.

मुदतीचंही तसंच. कायद्यात 10 वर्षांची मर्यादा लिहिलीय ती दात्याच्या बीजाला आणि भ्रूणाला. आम्हाला मात्र काउंटरवर सांगितलं दहा वर्षंच ठेवतो, सगळ्यांनाच सांगतात. भाऊ तेहतीस वर्षांचा होईपर्यंत. सोळा वर्षांच्या पोरीचं ठेवलं असतं तर ती सव्वीस वर्षांची होईपर्यंत, त्या वयात कितीजणींचं शिक्षण आणि नोकरी मार्गी लागलेली असते? ब्रिटनमध्ये 2022 पासून 55 वर्षांपर्यंत ठेवता येतं, पण दर 10 वर्षांनी त्या माणसाला पुन्हा विचारतात की अजून ठेवायचं का. पुन्हा विचारतात, हे मला फार आवडलं. सॅम्पल द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 डिग्रीला तसंच राहतं, पण माणूस तसाच राहत नाही ना.

पैशाचं एका वाक्यात सांगते, केमो महात्मा फुले योजनेत बसली, गोठवणं खिशातून करायला लागलं, त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होते म्हणून झालं, नसते तर साडेसात ते नऊमध्ये कुठून आणले असते.

आता मला काय हवंय ते सांगते, तुम्ही मोठी माणसं आहात, मी क्लार्क आहे, पण फॉर्म या विषयात मला तुमच्यापेक्षा जास्त अनुभव आहे असं मी नम्रपणे म्हणते.

त्या पानावर एक चौकोन वाढवा. "हे मला आत्ता ठरवायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा विचारा." सॅम्पल गोठवून घ्या, सूचना म्हणून तात्पुरतं जे सुरक्षित असेल ते लिहा, मध्ये काही झालं तर तोपर्यंत सॅम्पल ना कुणी वापरायचं ना फेकायचं असं ठेवा, आणि सहा महिन्यांनी, केमो संपल्यावर, त्या माणसाला एकट्याला बसवून, त्याच्या भाषेत, आई बायको बाप कुणी शेजारी नसताना, परत विचारा. तेव्हा तो नष्ट करा म्हणाला तर त्या शब्दाला वजन असेल. तेव्हा तो बायकोला द्या म्हणाला, आईला द्या म्हणाला, तर त्यालाही वजन असेल. आणि दरवर्षी फीचा मेसेज पाठवता त्याच मेसेजमध्ये एक ओळ टाका की तुमची सूचना बदलायची असेल तर कळवा. संमती मागे घेता येते हे तुमच्याच कायद्यात आहे, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, मी कलमं वाचली म्हणून कळलं. फी भरायची आठवण बरोबर येते.

जोडीदाराला द्या हा चौकोन बिनलग्नाच्या पोरापुढं ठेवून काय उपयोग, त्याच्यासाठी वेगळं पान करा. त्यात सरळ मराठीत विचारा, तू नसताना तुझं मूल जन्माला यावं असं तुला वाटतं का. हे वाक्य ऐकायला कठोर आहे. पण खरा प्रश्न तोच आहे, इंग्लिशमध्ये लिहून तो मऊ होत नाही, फक्त कळत नाही.

आणि आईबाबांना माझं म्हणणं, मी पण आईच आहे, मला पाच वर्षांची मुलगी आहे. पोरगं गेल्यावर त्याचं काहीतरी जिवंत ठेवावंसं वाटणं हे पाप नाही, तुम्हाला कुणी नावं ठेवू नयेत. पण ते येणारं लेकरू दुःखावरचं औषध म्हणून जन्माला येणार असेल तर त्याचं बालपण कसं असेल याचा विचार तुमच्या वतीनं कायद्यानं करायला हवा, कारण त्या दिवसांत तुमच्याकडून तो होणार नाही. म्हणून मी म्हणते निर्णय गेलेल्याचा. फक्त तो खराखुरा त्याचा असू द्या.

डॉक्टरांना एवढंच की केसपेपरवर अॅलर्जीची ओळ असते तशी एक ओळ छापून घ्या, मूल होण्याबद्दल बोललो, हो किंवा नाही, तारीख, सही. लग्न झालंय का विचारू नका, वय पण बघू नका, सगळ्यांशी बोला. चाळीशीच्या बाईला दोन पोरं आहेत म्हणून तिला विचारायचं नाही असं नसतं. तुम्हाला वेळ नसतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, ओपीडीत शंभर शंभर पेशंट, मग सिस्टरला शिकवा, सोशल वर्करला शिकवा, मराठीत एक पान छापून अॅडमिशनच्या वेळी हातात द्या.

मागच्या महिन्यात भावानं आणि मी एक साधा कागद लिहिला. त्याच्या हातानं, मराठीत, तारीख टाकून. काय लिहिलंय ते त्याचं खाजगी आहे म्हणून इथं सांगत नाही, एवढं सांगते की लिहायला त्याला पाऊण तास लागला आणि मध्ये एकदा उठून तो गच्चीवर जाऊन आला. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक माझी, एक त्याच्या मित्राची. तो कागद घेऊन आम्ही सेंटरला गेलो आणि म्हटलं हा त्याच्या फाईलला लावा, जुनी टिक रद्द करा. तिथली बाई चांगली होती, तिनं कागद पूर्ण वाचला, तिचेही डोळे भरले. मग म्हणाली, मॅडम, असा कागद फाईलला लावता येत नाही, आमच्याकडं याचा फॉरमॅट नाही.

तो कागद सध्या आमच्या घरी कपाटात, भावाच्या डिस्चार्ज कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. रिन्यूअल नोव्हेंबरमध्ये आहे. त्याच्या आत फॉरमॅट पाठवा.

आपली नम्र,
एक ताई, इचलकरंजी